विषय: कँडी ते नुवारा एलिया – देवळं आणि चहाचे मळे, एका दिवसात

पर्वरीहून

नमस्कार मंडळी,

मुलगी आणि जावई श्रीलंकेत कोलंबोला गेले तेव्हा मुलीने मला मंडळाच्या या यादीत घातलं. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारते आहे. फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडे जातोय. कँडीला मुक्काम आहे आणि तिथून एक पूर्ण दिवस हाताशी आहे. गाडीवाल्याने पाठवलेला बेत असा: बुद्धाच्या दाताचं देऊळ, मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान, चहाचा कारखाना, हनुमान, सीतामाता आणि रात्री परत कँडी. ह्यांचे गुडघे दुखतात. मला देवळांची ओढ, ह्यांना चहा कसा तयार होतो ते पाहायचं आहे. तिकडे राहून गोव्यात परतलेली बरीच मंडळी इथे आहेत. काय ठेवावं आणि काय गाळावं, सांगाल का?

कवळ्याहून

वहिनी, सप्रेम नमस्कार.

नोकरीच्या निमित्ताने त्या डोंगरांत बरीच वर्षं काढून मी आता कवळ्याला घरी आलो आहे. तो रस्ता माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून पत्र लांबलं तर चालवून घ्या.

आधी गाळायचं ते सांगतो. मसाल्याची बाग गाळा. पोफळीवर चढलेली मिरी, जायफळ, दालचिनी हे सगळं आपल्या गोव्यातल्या कुळागरांत, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागांत, आहे, सावईवेऱ्याला गेलात की झालं. रत्नांचं दुकानही गाळा, तिथे सहज दीड तास जातो. आणि त्याच रात्री कँडीला परतू नका. अंतर ७५-८० किलोमीटरच आहे, पण सगळा वळणांचा घाट, एका बाजूला अडीच-तीन तास लागतात आणि दुपारनंतर धुकं उतरतं. नुवारा एलियातच राहा.

सकाळ श्री दळदा मालिगावापासून, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या देवळापासून, सुरू करा. पहाटे साडेपाचच्या सुमाराला पहिली पूजा असते, ढोल आणि सनईसारखं वाद्य वाजतं, गर्दी कमी असते. दात प्रत्यक्ष दिसत नाही, तो सोन्याच्या करंडकांत, एकात एक असा ठेवलेला असतो. पूजेच्या वेळी दार उघडतं तेव्हा बाहेरचा करंडक दिसतो. लोक हातात कमळं घेऊन निमूट रांगेत उभे असतात. ते पाहताना मला नेहमी आपल्याकडच्या सोमवारच्या मंगेशीची आठवण व्हायची. गाभारा वरच्या मजल्यावर आहे, पायऱ्या आहेत, तेव्हा भावजींना सावकाश न्या.

तिथून बाहेर पडल्यावर लोक थेट गाडीत बसतात. तुम्ही तसं करू नका. समोरच नाथ (तिथे पूजला जाणारा बोधिसत्त्व), विष्णू आणि पत्तिनी देवी यांची देवळं आहेत. नाथ देवालय १४व्या शतकातलं, कँडीतल्या सर्वांत जुन्या वास्तूंपैकी. बौद्ध माणसं विष्णूपुढे दिवा लावतात आणि त्याला आपल्या धर्माचा राखणदार मानतात. कँडीच्या शेवटच्या राजांचं घराणंच दक्षिण भारतातलं, नायक्कर. १७३९ पासून १८१५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेईपर्यंत तेच गादीवर होते आणि बौद्ध धर्माचे मोठे आश्रयदाते होते. विष्णूच्या देवळाला पायऱ्या आहेत, नाथ आणि पत्तिनी सोपी आहेत.

आता चहाकडे येतो. त्या डोंगरांत आधी कॉफी होती. १८६९ मध्ये पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे संपले. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कँडीजवळ लूलकंदुरा इथे १९ एकरांत चहा लावला होता. कॉफी गेली तिथे चहा आला. पुस्तिकांतून हे सगळं वाचायला मिळतं. कॉफी असो की चहा, हात कुणाचे होते, हे मात्र त्यांत क्वचितच असतं.

ते हात तमिळनाडूतल्या दुष्काळी गावांतून आलेल्या माणसांचे. समुद्र ओलांडून श्रीलंकेच्या मन्नारच्या किनाऱ्याला उतरायचं आणि जंगलातून कँडीच्या उत्तरेला असलेल्या माताळेपर्यंत पायी चालायचं. वाटेत ताप आणि पटकीने किती गेले, त्याची नोंदसुद्धा धड नाही. १८२३ पासून हे येणं सुरू झालं असं मानतात. २०२३ मध्ये २०० वर्षं झाली म्हणून तलैमन्नार ते माताळे पायी यात्रा निघाली होती. ही माणसं आपले देव घेऊन आली. माताळेचं मुत्तुमारीअम्मन देऊळ त्याच वाटेवर आहे. आणि तुम्ही कँडीहून नुवारा एलियाकडे वर चढलात की प्रत्येक मळ्यात, कामगारांच्या चाळींच्या टोकाला, मारीअम्मनचं छोटंसं देऊळ दिसेल. कडुलिंबाचं झाड, रोवलेला त्रिशूळ, वर्षातून एकदा मोठा उत्सव. आपली सातेरी वारुळाच्या रूपात गावाची राखण करते, तशी ती मळ्याची राखण करते.

वहिनी, आपण कवळ्याची माणसं हे विसरू शकत नाही. आमची शांतादुर्गा केळशीहून आली, मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडली तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, आणले. पुढे शाहूमहाराजांच्या काळात, १७३८ च्या सुमाराला, शांतादुर्गेचं आजचं मोठं देऊळ उभं राहिलं. आम्हाला राजाश्रय मिळाला, महाजन मिळाले. मळ्यावरच्या माणसांना काय मिळालं? १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. १९६४ मध्ये सिरिमाओ बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री या दोन पंतप्रधानांचा सिरिमा-शास्त्री करार झाला आणि ५,२५,००० माणसं भारताच्या वाट्याला, ३,००,००० श्रीलंकेच्या वाट्याला, अशी कागदावर वाटणी झाली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जन्मलेल्या माणसांची! उरलेल्यांचा प्रश्न सुटायला २००३ साल उजाडावं लागलं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच: रामायणाची देवळं बघा, जरूर बघा, पण वाटेतल्या एखाद्या मळ्यातल्या मारीअम्मनपुढे पाच मिनिटं थांबा. आधी तिथल्या कुणाला विचारा, चपला काढा, हात जोडा. दार बंद असलं तरी बाहेरून नमस्कार करता येतो. ते देऊळ रोज खुडायला जाणाऱ्या बायकांचं आहे. त्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

नुवारा एलियाच्या वाटेवरच्या रम्बोडाचं हनुमानाचं देऊळ चिन्मय मिशनचं आहे, स्वच्छ आणि शांत. गाडी बरीच वर जाते. तिथून समोरच्या दरीचं दृश्य फार सुंदर आहे. सीताएलियाचं सीताअम्मन नुवारा एलियाच्या पलीकडे, बदुल्लाच्या रस्त्याला, ओढ्याच्या काठी आहे. सीता याच ओढ्यावर स्नानाला येई अशी श्रद्धा आहे आणि काठच्या खडकातल्या खळग्यांना हनुमानाची पावलं म्हणतात. पुढे हकगला बाग आहे, तिलाच काही जण अशोकवाटिका मानतात. पाय दुखत असतील तर ती सोडा.

मडगावहून

ताई, वरचं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी फक्त भावजींच्या चहाचं सांगते.

कारखाना सकाळी, अकरा-साडेअकराच्या आत बघा. रम्बोडा सोडून वर निघालात की लाबुकेलीच्या आसपास रस्त्यालगतच आहेत. बहुतेक मळ्यांत रविवारी खुडणी नसते, त्यामुळे सोमवारी यंत्रं थंड असतात. पौर्णिमेलाही सुट्टी, तिथे तिला पोया म्हणतात. शक्यतो मंगळवार ते शनिवार पकडा.

बघायचं काय, तर आधी वरचा मजला. जाळीच्या लांब हौदांवर पान पसरून खालून वारा सोडतात आणि रात्रभरात ते मऊ पडतं. मग रोलरमध्ये पान पिळवटतं, फुटतं, त्याचा रस हवेला लागतो आणि हिरव्याचं तांबूस होतं. हा टप्पा सर्वांत नाजूक. थोडं जास्त झालं तर वास जातो, कमी झालं तर चहा कच्चा लागतो. मग गरम हवेत वाळवण आणि शेवटी चाळण्या. एक किलो चहाला साडेचार ते पाच किलो ओलं पान लागतं. हे भावजींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दोन पानं आणि एक कळी खुडणाऱ्या बाईच्या पाठीवरची पिशवी ते वेगळ्या नजरेने बघतील.

आणि विकत काय घ्यायचं तेही नीट ऐका. नुवारा एलिया समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथला चहा फिकट, फुलासारख्या वासाचा असतो, तो कोराच प्यायचा. दूध, साखर, आलं घालून उकळलात तर पैसे वाया. आपल्या घरच्या चहासाठी खालच्या भागातला, रुहुणाचा, दाट रंगाचा घ्या. तुम्ही फेब्रुवारीत जाताय ते अगदी योग्य, जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांतच नुवारा एलियाचा चहा उत्तम होतो. एप्रिलमध्ये त्यांच्या नववर्षाची गर्दी असते, पाय ठेवायला जागा मिळत नाही.

स्वेटर आणि कानटोपी न्याच. गोव्याची थंडी ती थंडी नव्हे. मालिगावात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरी साडी असेल तर उत्तम. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो अपमान समजतात. दुपारच्या जेवणात फणसाची आमटी मिळाली तर सोडू नका, नारळाच्या दुधात शिजवलेली असते, आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते.

पर्वरीहून

भाऊ, ताई, दोघांचे मनापासून आभार. दोन्ही पत्रं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. रत्नांचं दुकान आणि मसाल्याची बाग रद्द. मुलीने नुवारा एलियात खोली बघायला घेतली आहे, तळमजल्यावरची. बुधवार धरला आहे, पौर्णिमा त्या आठवड्यात नाही हे कॅलेंडरात पाहून ठेवलं.

माझं आजोळ केळशीचं. शांतादुर्गेच्या ओटीचा खण आणि नारळ मी दरवर्षी कवळ्याला घेऊन येते. यंदा एक खण जास्त घेणार आहे, मारीअम्मनसाठी. भाऊ, तिथे ओटी भरलेली चालते का, की आधी मळ्यातल्या बायकांना विचारून मगच ठेवावी? आणि सोबत द्यायला गोव्याहून काय न्यावं? ह्यांचं म्हणणं काजू न्यावेत, पण मला वाटतं साड्या जास्त उपयोगी पडतील. तुम्ही सांगाल तसं करते.