थर्मोस्टॅट काढायचा की ठेवायचा? खान्देशचं ऊन आणि 108 वर गेलेला आकडा

तापीतीर (जळगाव)

मे महिना, दुपारचे दोन, पारा 44 च्या वर. माझ्याकडे एक सेकंडहँड जर्मन दोनसीटर आहे. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. गेल्या आठवड्यात अजिंठा चौफुलीवर एसी लावून दहा मिनिटं अडकलो, तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) 108 अंशांवर. ओळखीच्या मिस्त्रींनी एका वाक्यात निकाल लावला: "थर्मोस्टॅट काढी फेका, आपलाकडे कसाले लागस तो?"

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. मी ती काढलेली नाही आणि काढणार नाही. थर्मोस्टॅट हा थंड देशांसाठी दिलेला पार्ट, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. इंजिनला ठरावीक तापमान लागतं, मग बाहेर तोरणमाळची थंडी असो की भुसावळचं ऊन. बहुतेक गाड्यांत तो 82 ते 95 अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, त्यामुळे कूलंट 90 ते 105 मध्ये फिरत असेल तर ते नॉर्मलच.

खरं तर मला ऑईलबद्दल बोलायचं आहे, त्याच्याकडे कोणी बघतच नाही. चालत्या गाडीत ऑईल 95 ते 115 हवं. सकाळी गाडी काढली की कूलंट पाच-सात मिनिटांत 90 ला पोचतं, ऑईल तेव्हा जेमतेम 60 ला असतं. काटा मध्यावर आला म्हणून त्याच क्षणी 6000 आरपीएमला नेणारे माझ्या माहितीत चार जण आहेत. इंजिन ते मारतात आणि नाव उन्हाचं होतं. शिवाय ऑईल शंभरच्या आसपास तापलंच नाही, तर त्यात उतरलेली पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जाणार कसा?

गॅरेजवाले आबा (धुळे)

तापीभाऊ, मी 35 वर्षं पाने फिरवतोय. लळिंग घाटात वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या मी ओढून आणल्यात. अँबेसेडर, जीप, मेटाडोर, सगळ्यांचे थर्मोस्टॅट काढले. त्यापायी एकाचंही इंजिन बसलं नाही.

तुमचे आकडे जर्मनीत ठीक. तिथं हवा 20-25 ची, इथं 45 ची. रेडिएटर उष्णता हवेलाच देतो ना? हवाच तापलेली असेल तर तो देणार कोणाला? पाणी मोकळं फिरू द्या. मनी गाडीले आजलोंग काही व्हयनं नई.

रावेरचा केळीवाला

आबांशी सहमत. आमच्या केळीच्या गाड्या उत्तरेला जातात, एकाही ड्रायव्हरला थर्मोस्टॅट कुठे असतो ते सांगता येणार नाही, कारण तो जागेवर नाहीच. 😄

यंत्रवेडी (जळगाव)

आबा, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, ते आधी मान्य करते. कूलंट 90 आणि हवा 25, तर फरक 65. हवा 45 झाली की फरक उरला 45. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे ढोबळमानाने या फरकावर ठरतं, म्हणजे मे महिन्यात त्याची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेली. हे पुस्तकी नाही, खरंच घडतं.

पण 108 ला थर्मोस्टॅट केव्हाच सताड उघडलेला असतो. सताड उघडं दार बिजागरीसकट उचकटून टाकलं म्हणून घरात जास्त वारा येतो का? उलट बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची मागची चकती बायपासची वाट बंद करते. तो काढला की ती वाट कायमची उघडी. गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात जातो. थंड करायला गेलात आणि घाटात जास्त तापलं, असं होऊ शकतं. हिवाळ्याच्या सकाळी वेगळाच ताप: पाणी 70 च्या पुढे जात नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि मीटरवर दिवा लागतो.

तुमच्या अँबेसेडरची गोष्ट वेगळी होती. आत नुसतं पाणी, ढाकण कमी दाबाचं. शंभराच्या थोडं पुढे गेलं की उकळी. तिथं पाणी 80 च्या खाली राखण्यात शहाणपण होतं. आता निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी आणि ढाकणावर साधारण 1 बारचा दाब, त्यामुळे उकळबिंदू 125 च्या पुढे जातो. अलीकडच्या काही गाड्यांत तर हलक्या चालीत कूलंट मुद्दाम 105 वर ठेवतात आणि पाय दाबला की खाली आणतात. आणि एक: डॅशबोर्डवरचा काटा बघून खात्री बाळगू नका. बऱ्याच गाड्यांत 75 पासून 110 पर्यंत तो मध्यावरच बसवलेला असतो, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून.

गॅरेजवाले आबा

ताई, पुस्तकातलं ढाकण कायम नवं असतं. माझ्याकडे येतं त्याचं रबर दहा वर्षांचं असतं आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. घरातल्या कूलरच्या जाळीवर मे संपेपर्यंत पांढरा थर बसतो, पाहिला असेल. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. तुमचं 125 तिथंच संपलं.

यंत्रवेडी

इथं मात्र हात जोडते. बोअरच्या पाण्याने जेवढे रेडिएटर गेले तेवढे उन्हाने गेले नसतील. पण त्याला औषध डिस्टिल्ड वॉटर आणि नवं ढाकण. थर्मोस्टॅटचा काय दोष?

पुण्यात गेलेला चाळीसगावकर

तुम्ही दोघं पाण्यातच अडकलात. मला ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या यंत्रावर) कूलंट आणि ऑईल दोन्ही दिसतात. मागच्या रविवारी गावी आलो होतो, कन्नड घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये 5000 च्या वर ठेवली: कूलंट 94, ऑईल 121. परतताना फाटकापाशी एसी लावून उभा राहिलो: कूलंट 104, ऑईल 101. उलटं झालं बघा. उभ्या गाडीला वारा नाही म्हणून पाणी चढतं. आरपीएम चढले की बेअरिंगचं घर्षण आणि पिस्टनच्या बुडाची उष्णता ऑईल अंगावर घेतं. एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायला गेलात की फसलात.

1998 पर्यंतच्या एअरकूल्ड पोर्शे 911 मध्ये कूलंट नव्हतंच, ड्रायव्हर बघायचा तो ऑईलचा काटा. बीएमडब्ल्यूच्या ई46 एम3 च्या आरपीएम मीटरवर दिव्यांची ओळ असते. ऑईल गार असताना ते पेटलेले असतात आणि तापत जाईल तसे एकेक विझतात, म्हणजे तेवढी वरची मर्यादा मोकळी झाली.

तापीतीरशी मात्र एका जागी पटत नाही. 115 च्या वर गेलं की धोका, असा सूर नको. चांगलं सिंथेटिक ट्रॅकवर 130 सहज सोसतं. 140 दिसलं तर मी पाय काढतो आणि एक फेरी सावकाश मारतो.

रावेरचा केळीवाला

मग उन्हाळ्यात जाड ऑईलच टाकलेलं बरं ना भो? 20डब्ल्यू-50 टाकून मोकळं व्हायचं.

यंत्रवेडी

केळीवाले भाऊ, ऑईलच्या नावातला डब्ल्यूनंतरचा आकडा 100 अंशांवरचा दाटपणा सांगतो. इंजिनात ऑईल 100 ला आलं की बाहेर रावेर आहे की लेह, त्याला कळत नाही. 40 ग्रेड म्हणजे 100 अंशांवर 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक (दाटपणाचं माप). तेच 5डब्ल्यू-40 ऑईल 40 अंशांना पाच-सहा पट दाट असतं, गार कढईतल्या तेलासारखं. घाटात रोज 125 गाठणार असाल तर ग्रेडचा विचार करा. बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या गाडीत मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका.

दीपनगर ड्यूटी (भुसावळ)

रोज वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरखालून ड्यूटीला जातो म्हणून एक सांगतो. मेच्या कोरड्या हवेत टॉवर काय, घरचा कूलर काय, जोरात चालतात, कारण पाणी उडून जातं. गाडीचा रेडिएटर कोरडा. त्याला हवेच्या खाली जाताच येत नाही. म्हणून लोक वरून बाटल्या ओततात. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका आणि ढाकण तर उघडूच नका, हात भाजेल.

तापीभाऊ, 108 उन्हामुळे की गाडीमुळे, हे भांडून कळणार नाही. रात्री त्याच चौफुलीवर, तोच एसी लावून, तेवढाच वेळ उभे राहा.

तापीतीर

राहिलो. काल रात्री अकरा वाजता, हवा 31. कूलंट 106! म्हणजे चौदा अंशांनी हवा उतरली आणि आकडा दोननेच खाली. ऊन सुटलं आरोपातून.

आज बंपर उतरवला. दोन्ही रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, आणि त्या दोघांच्या फटीत काय निघालं: कडुनिंबाचा पाला, गुटख्याची पाकिटं आणि मूठ-मूठ कापूस. हिवाळ्यात कपाशीच्या ट्रॅक्टरांमागे धरणगाव-एरंडोल रस्त्याने जितका फिरलो तितका सगळा तिथं साठलेला. जाळी पांढरी फेक. सगळं काढलं, मागून हलक्या धारेने धुतलं. दुपारी तीनला, 44 अंशांत चौफुलीवर पुन्हा उभा राहिलो: 100 ला पंखा लागला आणि 98 वर आलं.

चाळीसगावकर, 130 चं मान्य. पण माझ्या ऑईलला ट्रॅक दाखवायचा योग कधी येतोय कोण जाणे.

गॅरेजवाले आबा

म्हणजे थर्मोस्टॅट राहिला तो राहिलाच. राहू द्या, तुमच्या गाडीत राहू द्या. फक्त एक सांगा, ती हलकी धार मारली ती बोअरच्याच पाण्याची ना?