ठेकेदाराकडचा कामगार, प्रेसमध्ये दोन बोटं गेली: भरपाई कोण देणार आणि किती?

पाना_पक्कड
मावसभावासाठी विचारतोय. वय ३०, पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणारं मशीन) हेल्पर. ऑगस्ट २०२५ मध्ये डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. पगार १८,००० रुपये, रोखीत, स्लिप नाही. कारखान्यात मालकाची कायम माणसं चार, बाकी पंधरा-सोळा ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, "मशीनचा सुरक्षा-गार्ड त्यानेच काढला होता, कायद्याने काही मिळत नाही, पण माणुसकी म्हणून ५०,००० देतो, या कागदावर सही करा." कारखान्याचा मालक म्हणतो, तो आमचा माणूसच नाही. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड नाही. सही करावी का? आणि हक्काची रक्कम किती होते?

दावा_क्रमांक
सही अजिबात नको. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. तडजोड करायचीच असेल, तर तिची या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदणी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. पण एकदा सही झाली की पुढे प्रत्येक तारखेला तोच कागद पुढे करतात. तो डोक्याला ताप कशाला हवा?

आता आकडा. एका हाताची दोन बोटं गेल्यास अनुसूची १ मध्ये कमाई-क्षमतेतली घट २० टक्के धरली आहे. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात (जानेवारी २०२० पासून). त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्याच्या तक्त्यात वय ३० चा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२० ही पूर्ण, कायमच्या अपंगत्वाची रक्कम. तिचे २० टक्के म्हणजे ३,७४,३६४ रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तो यातून वजा होत नाही. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली असेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड.

"आमचा माणूस नाही" हे मालकाचं म्हणणं चालत नाही. काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचं असेल तर ठेकेदाराच्या कामगाराचीही भरपाई कलम १२ प्रमाणे मुख्य मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

गार्डचा मुद्दा मात्र हलका समजू नका. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व असेल तर हा बचाव चालतच नाही, पण इथे अपंगत्व अंशतः आहे, म्हणून चालू शकतो. गार्ड सुरक्षेसाठी आहे हे माहीत असून कामगाराने तो मुद्दाम काढला, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. उत्पादन वाढवायला सुपरवायझरनेच गार्ड काढून ठेवला असेल, किंवा मशीनला तो मुळात नसेलच, तर बचाव कोसळतो. त्या शिफ्टच्या सोबत्यांची नावं आजच लिहून ठेवा. नंतर माणसं गावी जातात, फोन उचलत नाहीत.

खातेवही
वरचा हिशेब बरोबर आहे, पण त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा आणि तो बहुतेक जण सोडून देतात: माणसं मोजा. कारखान्यात गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही दिवशी दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय कायदा लागू होतो, आणि ठेकेदाराची माणसं त्यात धरली जातात. इथे चार अधिक पंधरा. पगार २१,००० च्या आत. म्हणजे कार्ड असो-नसो, त्याच्यासाठी वर्गणी *देय* होतीच. आणि देय असली की तो विमाधारक, मग ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे १९२३ च्या कायद्याची भरपाई मागता येत नाही. मालकाचा वकील हाच मुद्दा अर्ज फेटाळायला वापरतो, तोही वर्ष-दीड वर्ष तारखा घेतल्यावर.

ईएसआयमध्ये एकरकमी पैसे नाहीत. काम बंद असेपर्यंत सरासरी पगाराच्या ९० टक्के, नंतर वैद्यकीय मंडळ जी घट ठरवेल तितका हिस्सा दरमहा, आयुष्यभर. २० टक्के धरले तर ढोबळ मानाने १८,००० × ९० टक्के × २० टक्के = महिन्याला ३,२४०. कामावरच्या अपघातासाठी आधी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. मालकाने वर्गणी बुडवली तरी ईएसआय महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं.

करायचं असं: महामंडळाच्या जवळच्या शाखेत अपघाताचा लेखी अर्ज, नोकरीच्या पुराव्यासह, पोच घेऊन. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. त्याबरोबर मालक आणि ठेकेदार दोघांनाही नोंदणीकृत टपालाने अपघाताची सूचना.

पाना_पक्कड
पुरावा काहीच नाही हीच अडचण. आणि महामंडळाने "तो कामगार नव्हताच" म्हटलं तर?

खातेवही
पहिला पुरावा हॉस्पिटलचा. केस पेपरवर अपघात कसा झाला हे लिहिलेलं असतं. "कामावर प्रेसमध्ये हात सापडला" असं असेल तर सोनं. दाखल करताना ठेकेदाराच्या माणसाने "घरी पडला" असं सांगितलं असेल तर दुरुस्तीसाठी आत्ताच लेखी अर्ज द्या. शिवाय गेट रजिस्टर, हजेरी कार्ड, ठेकेदाराचे व्हॉट्सॲप मेसेज, शिफ्टच्या ग्रुपवरचे फोटो, असं काहीही.

दावा_क्रमांक
माणसांच्या मोजणीचा मुद्दा मान्य, मी थेट आकड्यावर गेलो. महामंडळाचा निर्णय रेंगाळला तर मुदत विसरू नका: १९२३ च्या कायद्याखाली अर्जाला दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२७. निर्णय येत नसेल तर त्याआधी तिथेही अर्ज टाकून ठेवा. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आयुक्तांचं हे काम कामगार न्यायालय पाहतं. अपघात जिथे झाला किंवा अर्जदार जिथे राहतो, दोन्हीकडे अर्ज चालतो.

आणि सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने मोफत वैद्यकीय तपासणी देऊ केली तर नाकारू नका. नाकारली तर तपासणी होईपर्यंत भरपाईचा हक्क थांबतो.

गेज_तीन
वाचणाऱ्या इतरांसाठी: २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हे दोन्ही जुने कायदे त्यात गेले. त्या तारखेनंतरचे अपघात संहितेखाली येतात. मृत्यूला पगाराच्या ५० आणि पूर्ण कायमच्या अपंगत्वाला ६० टक्के हे सूत्र तिथेही तेच आहे, आणि घर ते काम या प्रवासातला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचा धरला जातो. ऑगस्टच्या अपघाताला मात्र जुनेच कायदे.

अजून एक. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि कमाई-क्षमतेतली घट या वेगळ्या गोष्टी आहेत. कोपराच्या वर हात तुटलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घट शंभर टक्के मानली, कारण सुतारकाम त्याला पुन्हा जमणारच नव्हतं. म्हणून वैद्यकीय मंडळासमोर नुसतं "दोन बोटं नाहीत" म्हणू नका. दोन्ही हातांनी पत्रा धरून प्रेसमध्ये सरकवावा लागतो, आता पकड बसत नाही, असं कामच उलगडून सांगा, आणि डॉक्टरांकडून पकडीच्या ताकदीची नोंद लिहून घेऊन जा.