मेन डोअर लालभडक झालंय, मदत हवी आहे

सोलापुरात घर आहे, दाराला सागवान विनिअर (प्लायवर चिकटवलेला सागाचा पातळ थर), त्यावर वॉलनट स्टेन (लाकडात मुरणारा अक्रोडी ब्राऊन रंग) आणि वरून मेलामाईन मॅट (बिनचमकीचं पॉलिश) मारलं पण रंग आला पार महोगनीसारखा लाल. सॅम्पल बरोबर होतं, पण तो तुकडा पाइनचा, सागाचा नाही (आता काय बोलणार). थिनरने पुसलं, काही हलत नाही. कोपऱ्यात २२० चा पॉलिश पेपर मारला तर वरचा थर गेला, लाल तसाच मुरलेला. जास्त घासलं तर विनिअर फाटून प्लाय दिसेल. रिमूव्हर (जुनं पॉलिश काढायचं केमिकल) अजून लावलेलं नाही. दार पश्चिमेला, दुपारभर ऊन. पॉलिशवाला म्हणतो काळपट मारू, पण मग लाकडाच्या रेषाच दिसणार नाहीत. तर आहे त्यावरच हलका घास देऊन हिरवट झाकेचा ब्राऊन टोनर (रंग मिसळलेलं पातळ पॉलिश) स्प्रे केला तर लाली मरेल का, की रिमूव्हरने सगळं काढावंच लागेल?