मदत हवी आहे: नीलगिरीतल्या लहान चहा उत्पादकांची कार्यक्षमता मोजताना पानाची प्रत कशी धरावी?

नमस्कार मंडळी,

कृषी अर्थशास्त्रातल्या प्रबंधासाठी मी कोटगिरीच्या आसपासच्या लहान चहा उत्पादक कुटुंबांचं सर्वेक्षण केलं आहे. टी बोर्ड १०.१२ हेक्टरपर्यंतच्या मळ्याला लहान म्हणतं, पण माझ्याकडची बहुतेक कुटुंबं एक-दोन एकरवाली आहेत. हिरवं पान कुणी सहकारी कारखान्याला घालतं, कुणी खाजगी. एकाच वर्षाची माहिती आहे: पान किती किलो निघालं, खत, फवारणी, घरची आणि बाहेरची मजुरी, झुडपांचं वय, छाटणीचं साल.

स्टोकॅस्टिक फ्रंटियर पद्धतीने (बॅटीज-कोएली, १९९५) तांत्रिक कार्यक्षमता काढते आहे: तेवढ्याच खत-मजुरीत जास्तीत जास्त किती उत्पादन निघू शकतं याची सीमा (फ्रंटियर) काढायची आणि प्रत्येक घर तिच्या किती जवळ पोचतं ते बघायचं. मॉडेल चालतं, पण निकाल मनाला पटत नाही. मजूर मिळत नसल्याने इथे कात्रीने खुडणी सर्रास होते. कात्रीने वजन भरपूर भरतं, पण त्यात जून पान आणि देठही येतात. हाताने दोन पानं आणि कळी खुडणारी बाई दिवसाला त्याहून कितीतरी कमी किलो आणते. उत्पादन किलोत धरलं की तीच अकार्यक्षम ठरते, आणि हे मला साफ चुकीचं वाटतं. साधारण साडेचार किलो हिरव्या पानाचा एक किलो चहा होतो. त्या चहाला कुन्नूरच्या लिलावात काय भाव येईल, हे बरंचसं पानावर ठरतं.

किलोऐवजी पानाचे आलेले पैसे धरावेत, तर प्रतीचा फरक दरात पुरता उतरत नाही. टी बोर्ड दर महिन्याला हिरव्या पानाचा किमान दर जाहीर करतं तो जिल्ह्याच्या सरासरीवर. आपल्याकडे उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरते, एकट्या शेतकऱ्याच्या उसावर नाही, तसंच हे. शिवाय पैसे धरले की ती निव्वळ तांत्रिक कार्यक्षमता उरत नाही.

चांगलं पान आणि जाडं पान अशी दोन वेगळी उत्पादनं धरून डिस्टन्स फंक्शन (एकाहून जास्त उत्पादनं एकदम धरता येणारं फ्रंटियर) बसवता येईल असं वाटतं. पण पानाची प्रत संकलन केंद्रावर अधूनमधून नमुना घेऊन बघतात, प्रत्येक घराची वर्षभराची नोंद नाही. काही घरांचीच टक्केवारी हाती आहे. तेवढ्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधणं परीक्षकांना चालेल का? की खुडणीची पद्धत (हात, कात्री, मिश्र) हेच प्रतीचं निदर्शक म्हणून वापरावं?

दुसरं, छाटणी. इथे चार-पाच वर्षांनी झुडपं छाटतात आणि पुढचे काही महिने जवळजवळ काहीच हाती लागत नाही. छाटणीचं साल मी फ्रंटियरमध्येच डमी (हो-नाही साठी १ किंवा ०) म्हणून घातलंय, घर सीमेच्या मागे का पडतं हे सांगणाऱ्या अकार्यक्षमतेच्या समीकरणात नाही. छाटणी ही मळ्याची गरज आहे, शेतकऱ्याची कुचराई नव्हे. गाईड मात्र उलट म्हणतात. उसाच्या खोडव्यावर किंवा द्राक्षाच्या छाटणीवर असं काम केलेलं कुणी इथे असेल, तर तुम्ही हे कुठे घातलंत?

शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून बाहेरची मजुरी शून्य असलेल्या घरांसाठी बॅटीजची १९९७ची डमीची युक्ती वापरली आहे, तिथे अडचण नाही. घरच्या मजुरीत बायकांचे तास पुरुषांइतकेच धरलेत, त्यात कमी-जास्त करायचा विचार नाही.

आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘फ्रंटियर’ पॅकेज वापरते. डिस्टन्स फंक्शनचा कोड कुणाकडे असेल तर कृपया इथेच टाका.