ऋतू का बदलतात हे मुलीला सूर्य बघूनच पटवायचंय, सल्ला हवा

परळची_आई: मुलगी सहावीत. "पृथ्वीचा आस कललेला आहे" हे तोंडपाठ. पण परवा विचारलं, थंडी का पडते, तर म्हणाली, "सूर्य लांब जातो म्हणून." पृथ्वीगोल, टॉर्च सगळं करून झालं. गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींच्या मागे लागावं लागतं. आमची गॅलरी दक्षिणेला आहे. दुर्बीण घेऊ का?

फरशीवरचं_ऊन: ताई, दुर्बीण नको. त्यातून सूर्याकडे चुकूनही बघायचं नसतं. गॅलरी दक्षिणेला आहे ना? मग काम झालं. दर रविवारी दुपारी 12:40ला ऊन आत कुठपर्यंत येतं ते बघा आणि उन्हाच्या कडेवर टिकली चिकटवा. आमच्याकडे डिसेंबरात ऊन तिसऱ्या लादीपर्यंत येतं, फेब्रुवारी संपता संपता जेमतेम दुसरीपर्यंत. मे उजाडला की दुपारचं आत येतच नाही. (मावशींनी लादी पुसताना दोन टिकल्या उडवल्या, तेव्हापासून पेन्सिलची खूणही करतो.) मुंबईत 21 डिसेंबरच्या दुपारीही सूर्य क्षितिजापासून 47-48 अंशच वर असतो. तिरपं ऊन जास्त जागेवर पसरतं, दिवसही 11 तासांचाच, म्हणून तापत नाही. आणि "लांब जातो" म्हणाली ना, तर सांगा की जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, 14.7 कोटी किमी. जुलैत 15.2 कोटी.

गच्चीवाला_काका: किल्ली वर्षातून एकदाच मागा, 15-16 मेला. साडेबाराच्या सुमारास स्टीलचा पेला उपडा ठेवा, 12:35च्या आसपास सावली गायब! जुलैच्या 27-28लाही होतं, पण तेव्हा ऊन दिसेल तर शपथ. मधल्या काळात सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. हे दिल्लीकरांच्या नशिबात नाही, ते कर्कवृत्ताच्या पलीकडे. 30 सेंमीची पट्टी उभी धरलीत तर दुपारची सावली डिसेंबरात 27 सेंमी, 21 मार्चला 10.

परळची_आई: मग जूनमध्ये मेपेक्षा जास्त गरम हवं ना? आणि उत्तरायण तर संक्रांतीला?

फरशीवरचं_ऊन: जूनमध्ये ऊन जवळपास तेवढंच सरळ, पण मधे पावसाचे ढग येतात. संक्रांतीचं म्हणाल तर टिकल्यांनाच विचारा. ऊन 22 डिसेंबरनंतरच मागे सरकायला लागतं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला जवळपास 26,000 वर्षं. त्यामुळे ताऱ्यांच्या जागेवरून ठरणारी संक्रांत या खऱ्या उत्तरायणापासून पुढे सरकत गेली. सहावीला एवढं नको, तुम्ही वाचा.

परळची_आई: आज 12:40ला पहिली टिकली लावली, दुसऱ्या लादीच्या कडेला. मावशींना सांगून ठेवलंय.