स्टुडंट लायसन्सवर कारखान्याचं काम घेतलं तर चालतं का?

पूर्वभागची_पोरगी

टेक्स्टाइल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवून चालू ठेवणारे. त्यांच्या जुन्या मालकांना कुणीतरी सांगितलं की जॉबरची पोरगी कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. परवा घरी आले, चहा घेतला आणि तीन कामं टाकून गेले. चादरीसाठी मोराचं नवीन डिझाइन, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या नव्या शेडमध्ये माग कसे बसतील त्याचा नकाशा, आणि टॉवेलच्या बॉक्सचं मराठी लेबल. पैसे व्यवस्थित देणार आहेत, फक्त बिल पाहिजे म्हणाले.

माझ्या लॅपटॉपवर नकाशे काढायचं ऑटोकॅड आहे, ते विद्यार्थी म्हणून फुकट मिळालंय. फोटोशॉप स्टुडंट प्लॅनमधलं, त्याचे पैसे मी स्वतः भरते. वर्ड-एक्सेल ‘होम अँड स्टुडंट’वालं. मैत्रीण म्हणते तिन्ही स्टुडंटच, एकाला चालतं तर सगळ्यांना चालतं. मला तसं वाटत नाही. जे फुकट मिळालं आणि ज्याचे पैसे भरले, ते एकाच तागडीत कसं तोलायचं? मालकांचा माल एक्सपोर्टला जातो, उद्या त्यांच्या पार्टीने काही विचारलं तर बाबांची मान खाली जायला नको. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

चालतंय_की

कोण येतंय बे सोलापुरात बघायला? अर्ध्या गावाचे फ्लेक्स क्रॅक कोरलवर निघतात. तू पण क्रॅक टाक, विषय संपला.

नवीपेठ_ग्राफिक्स

ताई, वरच्या भाऊंचं मनावर घेऊ नका. क्रॅकसाठी वेगळं कलमच आहे, कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद सोडून नुसत्या दंडावर भागवू शकतं. तुम्ही तर बिल देणार आहात, म्हणजे ती पळवाट पण बंद.

आता तुमचं. तुमचा अंदाज बरोबर दिशेला आहे, पण फुकट की विकत यावर ते ठरत नाही. सवलत म्हणजे किंमत कमी. काय करायला परवानगी आहे ते करारात असतं, आणि प्रत्येक कंपनीचा करार वेगळा.

फोटोशॉप: बिनधास्त वापरा. तुम्ही स्वतः घेतलेल्या स्टुडंट प्लॅनवर व्यावसायिक काम चालतं, अडोबीने आपल्या प्रश्नोत्तरांत तसं स्पष्ट लिहिलंय. फक्त कॉलेजने दिलेल्या लॉगिनवर हे गृहीत धरू नका, तिथे कॉलेजचा करार लागतो. आणि स्टुडंट प्लॅनचा दर पहिल्या वर्षानंतर वाढतो, तो हिशोबात धरा.

ऑटोकॅड: नाही. ऑटोडेस्कचं एज्युकेशन लायसन्स फक्त शिकण्या-शिकवण्यासाठी. एकच नकाशा असो, ओळखीतला असो, पैसे घेतले की बाहेर.

वर्ड-एक्सेल: गंमत बघा, याचे पैसे भरलेत तरी चालत नाही. ‘होम अँड स्टुडंट’ धंद्याच्या कामाला नाही, त्यासाठी ‘होम अँड बिझनेस’ वेगळं विकतात. एका बिलासाठी ते घेत बसू नका, लिबरऑफिसवर करा.

लेबलच्या फॉन्टकडे कुणी बघत नाही आणि तिथेच फसतात. मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेला श्रीलिपीचा फॉन्ट लावू नका, तो विकतचा माल आहे. मुक्ता किंवा बलू घ्या. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सचे, बॉक्सवर छापून विकायला काही आडकाठी नाही. जोडाक्षरं पण स्वच्छ येतात.

होटगीरोड_कॅडवाला

ऑटोकॅडबद्दल वरती लिहिलंय ते बरोबर. जुन्या स्टुडंट व्हर्जनमध्ये प्रिंट काढली की कागदाच्या चारी कडांना ‘स्टुडंट व्हर्जनवर बनवलं’ अशी इंग्रजी पट्टी यायची. एवढंच नाही, त्या फाइलमधला नुसता दरवाजाचा ब्लॉक, म्हणजे तयार चित्राचा तुकडा, उचलून ऑफिसच्या फाइलमध्ये टाकला तरी ऑफिसच्या प्रिंटवर पट्टी. एकाच्या पायी सगळ्या ऑफिसची फाइल बाटायची. पट्टी येवो न येवो, नियम तोच.

शेडचा नकाशा टू-डीच आहे ना? मग लिबरकॅड टाका. ते जीपीएल लायसन्सवर आहे, धंद्याला वापरायला पूर्ण मोकळं. अडचण एकच, सेव्ह डीएक्सएफ फाइलमध्ये होतं, ऑटोकॅडच्या स्वतःच्या डीडब्ल्यूजीमध्ये नाही. शेडचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरला आधी विचारून घ्या. बहुतेक जण डीएक्सएफ उघडतात, नाहीतर पीडीएफवर मापं टाकून द्या. डीडब्ल्यूजीच पाहिजे म्हणाले तर ऑटोकॅडचं एका महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्या आणि ते मालकांच्या कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून दाखवा. आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमधली जुनी फाइल उघडून त्यात बदल करू नका, कोरी फाइल घ्या.

पूर्वभागची_पोरगी

दोघांचे आभार. मैत्रिणीला दाखवलं, ‘होम अँड स्टुडंट’वर ती पण गप्प झाली.

एक राहिलंच. मोराचं डिझाइन फोटोशॉपमध्ये इंडेक्स्ड कलरवर आणून सहा रंगांत बसवलंय. एक पिक्सेल म्हणजे एक ताणा-बाणा, त्यामुळे पिसाऱ्यातले डोळे एकेक ठिपका हाताने साफ केले, पाठ मोडली. ती फाइल जॅकार्डला, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राला, घालायचं सॉफ्टवेअर आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. सर म्हणाले, ‘सुट्टीत येऊन करून जा.’ सरांची परवानगी पुरेशी आहे का?

नवीपेठ_ग्राफिक्स

नाही. सरांनी लॅबची किल्ली दिली, लायसन्सवरचा हक्क त्यांच्याकडे पण नाही. लॅबला शैक्षणिक दरात दिलेली कॉपी असेल तर ऑटोकॅडचाच नियम धरून चाला. आणि तुम्हाला त्याची गरजच काय? मालकांकडे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड असेल तर त्यांच्याकडे किंवा त्यांच्या डिझाइनवाल्याकडे ते सॉफ्टवेअर रीतसर असणार. तुम्ही बीएमपी फाइल द्या, सोबत रंगांचा क्रम आणि कुठल्या रंगाला कुठली वीण ते कागदावर लिहून द्या. पुढचं मशीनचं काम त्यांचं.

बिलात तीन कामं वेगवेगळी दाखवा. जीएसटी नंबर नसेल तर जीएसटी लावायचा नाही, साधं बिल द्यायचं. सेवेला वर्षाला २० लाखांच्या आत नोंदणी लागत नाही. मालक ओळखीचे आहेत म्हणून मोराचे पैसे कमी लावू नका, ठिपके तुम्ही साफ केलेत.

चालतंय_की

ते मुक्ता फॉन्ट कुठं मिळतंय ओ?

नवीपेठ_ग्राफिक्स

गूगल फॉन्ट्सवर, फुकट. कोरलमध्ये पण चालतो. विकत घेतलेल्या.