समुद्री आयसोपॉड नेमके ओळखायचे कसे? सल्ला हवा आहे

ओहोटीवाला
नमस्कार मंडळी. ओहोटीला उघडे पडणारे दगड आणि शेवाळ चाळून आयसोपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले छोटे कवचधारी प्राणी) बघायचा नाद लागलाय. सध्या तिघांवर गाडी अडली आहे.
(क) शेवाळावरचा, हिरवा, लांबट.
(ख) दगडाखालचा, करडा, हात लावला की गोळी होणारा.
(ग) माशाच्या तोंडात जिभेवर ठाण मांडून बसलेला, पांढुरका.
फोटो आहेत, पण सगळे वरून काढलेले. मोबाईलवरचं ओळख-अ‍ॅप दर फोटोला वेगळं नाव सांगतं. कोणती लक्षणं आधी पाहायची? हातातलं भिंग पुरेल की सूक्ष्मदर्शक घ्यावाच लागेल? आणि नमुना ठेवायचा झाला तर कशात?

पाणशेंडी
अ‍ॅपचा दोष नाही हो. आयसोपॉडची ओळख पटवणारं निम्म्याहून जास्त सामान पोटाकडून असतं आणि तुम्ही त्याला पाठ दाखवताय. प्रत्येक प्राण्याचे किमान तीन फोटो हवेत: वरून, खालून आणि शेपटाचा जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवा.

कवचकुंडले
सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न वरचेवर येतो.

आधी आयसोपॉडच आहे ना, ते बघा. अंग वरून-खाली चपटं, पाठीवर सलग कवच नाही, डोळ्यांना देठ नाही, छातीच्या सात खंडांना पायांच्या सात जोड्या. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं असेल तर तो बहुतेक अँफिपॉड. डोक्यामागे छोटं कवच आणि पहिल्या पायाला चिमटा असेल तर टॅनेइड. हे दोन्ही आयसोपॉडसारखेच दिसणारे, पण वेगळे गट.

मग थेट शेपटाकडे जा. नवशिके डोक्यापासून सुरुवात करतात आणि मिशांचे सांधे मोजत बसतात. पोटाचा (म्हणजे छातीमागच्या भागाचा) शेवटचा खंड आणि टेल्सन, म्हणजे अंगाचं शेवटचं टोक, जुळून जो पट्टा होतो तो प्लिओटेल्सन, आणि त्याच्या आजूबाजूची उपांगांची जोडी म्हणजे युरोपॉड. हे युरोपॉड कुठे आहेत एवढं कळलं तरी मोठा गट हाती लागतो. बाजूला पंख्यासारखे पसरलेले असतील तर सायरोलाना आणि तिचे भाईबंद. टोकाला काडीसारखे निघाले असतील तर असेलोटा. पोटाखाली वळून दाराच्या दोन झडपांसारखे मिटले असतील तर व्हॅल्व्हिफेरा. तुमचा (क) उलटा करा, मला वाटतं झडपाच दिसतील.

गोळी होणारा (ख) स्फेरोमॅटिडी कुळातला असावा. यांचे पोटाचे खंड बरेचसे एकजीव झालेले असतात, आणि युरोपॉडची आतली फांदी बुडाशी जुळून गच्च बसलेली असते, हलते ती फक्त बाहेरची. सुईच्या टोकानं हळूच हलवून बघा. स्फेरोमा सेराटममध्ये या बाहेरच्या फांदीच्या कडेला करवतीसारखे दात असतात, ते साध्या भिंगातूनही दिसतात.

रेतीकण
रंगाचं काय? (क) हिरवा आहे, ही खूण नाही का?

कवचकुंडले
नाही. इडोटिया बाल्थिका ही एकच जात हिरवी, तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांची, ठिपक्यांची, सगळ्या रूपांत सापडते. तिथे शेपटाचं टोकच बघायचं. पूर्ण वाढलेल्या बाल्थिकाला तीन टोकं, मधलं पुढे आलेलं. इडोटिया इमार्जिनाटाचं टोक आत वळलेलं. मेटॅलिकाचं जवळजवळ सरळ कापल्यासारखं. पिल्लांमध्ये मात्र हे आकार धड उमटलेले नसतात.

भरतीची आजी
रंग अगदीच टाकाऊ नाही बरं का. वाळूत राहणाऱ्या युरिडिसी पुल्क्राच्या अंगावरचे काळे ठिपके नजरेत भरतात. पण ठिपका म्हणजे रंगपेशी, आणि त्या आक्रसतात, पसरतात. दगडांवर पळणारा लिजिया दिवसा गडद आणि रात्री फिका दिसतो. रंगाची नोंद करा, निकाल त्यावर देऊ नका.

आणखी एक गंमत: आयसोपॉड कात एकदम टाकत नाहीत. आधी मागचा अर्धा भाग, मग काही काळानं पुढचा. त्यामुळे मध्येच सापडलेला प्राणी दोन रंगांचा दिसतो. ती नवी जात नव्हे!

पाणशेंडी
आजींना +१. हे दुरंगी फोटो 'दुर्मिळ' म्हणून बरेच फिरत असतात.

मासेमित्र
(ग) माझ्या आवडीचा. जिभेवर बसलेला म्हटलं की आंतरजालावर सगळे सायमोथोआ एक्झिग्वा म्हणून मोकळे होतात. ती जीभ खाऊन जिभेची जागा घेणारी जात म्हणून गाजली खरी, पण त्या वंशात इतर जाती पुष्कळ आहेत, आणि सेराटोथोआ हा दुसरा वंशही माशाच्या तोंडातच राहतो. फरक डोक्यावर सापडतो: पहिल्या मिशांची बुडं सेराटोथोआत एकमेकांना चिकटलेली, सायमोथोआत दूर दूर.

त्याआधी पाय बघा. सातही जोड्यांना आकड्यासारखी वळलेली नखं असतील तर कुळ सायमोथोइडी. फक्त पुढच्या तीन जोड्यांना आकडे आणि मागचे चार जोड चालायचे असतील तर एजिडी. आकडेच नसतील तर सायरोलानिडी, आणि मग तो परजीवी नसून बहुधा मेलेल्या माशावर ताव मारायला आलेला असतो. मासा कोणता आणि प्राणी तोंडात, कल्ल्यात की अंगावर, हे लिहून ठेवा. त्याशिवाय पुढे सरकता येत नाही. कल्ल्यांतही डोकावा, छोटा नर तिथे असू शकतो. हे प्राणी आधी नर असतात, नंतर मादी होतात.

ओहोटीवाला
सगळ्यांचे आभार! (क) उलटा केला, झडपा आहेत. (ग) चे सातही पाय आकड्यांचे, मिशांची बुडं लांब लांब. पण (ख) बरोबर त्याच दगडाखाली अगदी बारीक काही सापडले, त्यांना पायांच्या सहाच जोड्या. हा वेगळा गट का?

भरतीची आजी
नाही रे बाळा, ती पिल्लं. मादीच्या छातीखालच्या पिशवीतून बाहेर पडतात तेव्हा सातवी जोडी यायची असते, या अवस्थेला मॅन्का म्हणतात. पाच जोड्या दिसल्या असत्या तर नॅथिडी असं म्हटलं असतं. त्यांच्या नरांना डोक्यापुढे भलेमोठे जबडे असतात, ते चुकत नाहीत.

रेतीकण
सहज विचारतो, खोल समुद्रातले ते राक्षसी बॅथिनोमस तरी सोपे असतील? डोळ्यांनी दिसतात की.

कवचकुंडले
तिथेही शेपूटच. प्लिओटेल्सनच्या कडेचे काटे मोजतात. पण १८७९ मध्ये वर्णन झालेल्या बॅथिनोमस जायगँटियसला ११ किंवा १३ काटे असतात, आणि २०२२ मध्ये वेगळ्या काढलेल्या युकाटानेन्सिसलाही ११. काटे मोजून भागलं नाही, अंगाची ठेवण आणि जनुकं तपासावी लागली. आकार मोठा म्हणून ओळख सोपी होत नाही.

पाणशेंडी
साहित्याबद्दल कुणीच बोललं नाही. कुळापर्यंत जायला १० पट भिंग चालतं. जातीपर्यंत जायचं तर १० ते ४० पटींचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक हवा, आणि नराच्या दुसऱ्या प्लिओपॉडवरची (पोटाच्या खंडांखालच्या चपट्या पायावरची) कांडी बघायला तो पाय सोडवून ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर घ्यावा लागतो. नमुना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये. डीएनए तपासायचा विचार असेल तर ९५ टक्के, आणि फॉर्मलिन नको. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका, शाई उतरते. इथेनॉलमध्ये रंग जातात, तेव्हा जिवंतपणीच फोटो. गोळा करायला परवानगी लागते का तेही आधी बघा.

ओहोटीवाला
नराचंच का? माझे (ख) सगळे सारखेच दिसतात, नर-मादी कळत नाही.

कवचकुंडले
कारण काही गटांत फरक फक्त नरांत असतो. जेरा अल्बिफ्रॉन्स समूहातल्या जाती नरांच्या पायांवरच्या रोमांवरून वेगळ्या करतात, माद्या नुसत्या बघून सांगता येत नाहीत. स्फेरोमॅटिडीत याहून गुंता. स्पंजात राहणाऱ्या पॅरासर्सीस स्कल्प्टामध्ये नरांची तीन रूपं असतात: एक मोठा, लांब युरोपॉडचा; दुसरा मादीसारखा; तिसरा पिल्लाएवढा. तिघे वेगळ्या जातींचे वाटावेत असे.

म्हणून तुमचा (ख) तूर्त स्फेरोमॅटिडी एवढ्यावरच ठेवा. अ‍ॅपमध्येही कुळाचंच नाव टाका, जातीचं नको. दगडाखाली एखादा मोठा, शेपटाकडे उंचवटे किंवा खाच असलेला सापडला तर त्याचा पोटाकडून फोटो टाका, मग पुढचं बघू.